मैल : कोणता, किती आणि अजून कुठे कुठे?

मुद्रितवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मुद्रितशोधन हा माझा पोटाचा धंदा. मध्यंतरी हाताखालून गेलेल्या एका अनुवादात वाक्य होतं : 'किनारी देशाचे हक्क समुद्रात २०० मैलांपर्यंत, म्हणजेच ३२० किलोमीटरपर्यंत असतात.' अनुवादकाने १.६ ने गुणलं आणि तो मोकळा झाला. मूळ इंग्रजीत मैलाच्या आधी 'नॉटिकल' होतं, ते वाटेत गळलं. खरा आकडा ३७० किलोमीटर. एका विशेषणापायी ५० किलोमीटर समुद्र गेला.

तेव्हापासून मजकुरात मैल दिसला की मी पेन खाली ठेवतो आणि विचारतो, बाबा रे, तू कोणता?

जमिनीवरचा इंग्रजी मैल ५२८० फुटांचा. १९५९ साली इंग्रजी भाषक देशांनी मिळून यार्ड ०.९१४४ मीटर असं ठरवलं, म्हणून मैल बरोब्बर १६०९.३४४ मीटर. सागरी मैल १८५२ मीटर, तोही बरोब्बर. रोमनांचा मैल म्हणजे हजार पावलं, आणि त्यांचं पाऊल म्हणजे डावा पाय पडल्यापासून पुन्हा डावा पडेपर्यंत. तो आजच्या मैलापेक्षा थोडा आखूड.

आपल्याकडे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९६२ पर्यंत मैल, फर्लांग, शेर, मण सगळ्यांना सरकारदरबारातून नारळ मिळाला. (तोळा सराफाच्या दुकानात कसा टिकला हा वेगळा धागा होईल.) पण मैल काही गेला नाही. माझा अंदाज असा की जिथे मैलाला कायदा, जमीन किंवा पैसा बांधलेला आहे तिथे तो हलत नाही. नुसत्या सवयीचा होता तिथून गेला. तुमच्या कामात, गावात, परदेशात मैल कुठे भेटतो ते लिहा. फक्त कोणता मैल ते सांगा!

---

आगाऊ_पाहुणा

पहिला!

आमच्याकडे मैल फक्त दगडात उरलाय. आणि तो 'मैलाचा दगड'सुद्धा किलोमीटर दाखवतो.

---

डांबरवाला

@आगाऊ_पाहुणा, दगडात नाही, माणसातही उरलाय. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्याच्या देखभालीला जो माणूस असतो त्याला आजही मैलकुली म्हणतात, कागदोपत्री मैल कामगार. ठरावीक लांबीचा रस्ता त्याच्याकडे. साइडपट्टीची झुडपं काढणं, मोरीतला गाळ उपसणं, खड्डा पडला की वर कळवणं. रस्ता किलोमीटरमध्ये जाऊन साठ वर्षं झाली, पण त्याच्या हुद्द्यातला मैल कुणी पुसला नाही. आता ही पदंच भरत नाहीत, तेव्हा शब्दही त्यांच्याबरोबर निवृत्त होईल.

दगडांचं म्हणाल तर पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्ग. दोन किलोमीटर दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला छोटे दगड असतात, ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत. अपघाताचा पंचनामा करताना मात्र पोलीस तेच शोधतात.

---

बोटीवरचा_बाबा

धागा आवडला. मर्चंट नेव्हीत जन्म गेला, त्यामुळे सागरी मैलावर हक्काने लिहितो.

सागरी मैल कुणाच्या पावलावरून किंवा राजाच्या हातावरून आलेला नाही. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण जाताना अक्षांशाचा एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग ओलांडलात की एक सागरी मैल झाला. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याने हा मिनिट सगळीकडे सारखा भरत नाही. विषुववृत्तावर साधारण १८४३ मीटर, ध्रुवापाशी १८६२ च्या आसपास. मग १९२९ साली मोनॅकोच्या जलआलेखन परिषदेत १८५२ हा आकडा पक्का केला. अमेरिकेने तो १९५४ साली घेतला, ब्रिटनने १९७० मध्ये.

याचा उपयोग कसा, तर कागदी चार्टवर (सागरी नकाशावर) अंतर मोजायला वेगळी मोजपट्टी लागत नाही. डिव्हायडरची दोन टोकं दोन ठिकाणांवर ठेवायची, तसाच उचलून चार्टच्या डाव्या किंवा उजव्या कडेला लावायचा आणि अक्षांशाचे मिनिट मोजायचे. तेवढे मैल. पण ज्या अक्षांशावर आपण आहोत त्याच अक्षांशाच्या समोर कडेला लावायचा, कारण मर्केटरच्या पद्धतीने काढलेल्या अशा नकाशात विषुववृत्तापासून दूर जाल तसे मिनिट लांब होत जातात. आणि वरच्या-खालच्या कडेवर रेखांश असतात, तिथे चुकूनही मोजायचं नाही. नवा कॅडेट हमखास तिथे लावतो आणि सेकंड ऑफिसरची बोलणी खातो.

वेग नॉटमध्ये. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, त्यामुळे 'तासाला बारा नॉट' म्हणू नये, नुसतं 'बारा नॉट'. शिडांच्या काळी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून, टोकाला लाकडी फळी बांधून ती समुद्रात सोडत आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजत. घड्याळ २८ सेकंदांचं असेल तर गाठी ४७ फूट ३ इंचांवर. हिशेब करून पाहा, तंतोतंत बसतो.

विमानंही हेच वापरतात. अंतर सागरी मैलात, वेग नॉटमध्ये, उंची फुटात, आणि आपल्याकडे धुक्यात धावपट्टी किती दिसते ते मात्र मीटरमध्ये. एकाच कॉकपिटात सगळे संसार.

---

मिरकरवाड्याचा_तांडेल

बाबासाहेब, दंडवत. आम्ही किनाऱ्याची माणसं 'सागरी' वगैरे लावत नाही. आमचा मैल एकच, समुद्रातला. आणि खोली वावेत. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव, सहा फूट धरतात. 'वीस वाव पाण्यात जाळी टाकली' म्हटलं की बंदरावर सगळ्यांना कळतं.

धागाकर्त्यांनी कायद्याचं म्हटलंय ते आमच्या रोजच्या पोटाचं आहे. १२ मैलांपर्यंत राज्याची हद्द, तिथे राज्याचा मासेमारी कायदा. पुढे २०० मैलांपर्यंत केंद्राची. एलईडी दिवे लावून मासे ओढायला केंद्राने २०१७ साली त्या पट्ट्यातही बंदी घातली. तेव्हा बोट १२ च्या आत आहे की बाहेर, यावर कुठला अधिकारी कुठल्या कायद्याने पकडणार ते ठरतं.

आता गंमत. बोटीवरच्या जीपीएसमध्ये अंतराचे तीन पर्याय असतात : सागरी मैल, जमिनीचा मैल, किलोमीटर. एखाद्या नव्या पोराने चाळता चाळता जमिनीचा मैल लावून ठेवला तर पडद्यावर १२ दिसतात, तांडेल (बोटीचा म्होरक्या) निर्धास्त होतो, आणि बोट असते साडेदहा मैलांवर. दंड झाला की मशीनला कोण विचारतो?

---

मुद्रितवाला

@तांडेल, हे फार मोलाचं. माझ्या अनुवादकाची चूक आणि तुमच्या जीपीएसची चूक एकच, फक्त तुमच्याकडे दंड भरावा लागतो.

बातम्यांतही '१२ सागरी मैल (१९ किमी)' असं सर्रास असतं. १२ सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटरच्या वर.

---

मंजू_रेडिंग

इंग्लंडमध्ये वीस-एक वर्षं काढलीत, त्यामुळे जमिनीच्या मैलाशी रोजची गाठ. इथे पेट्रोल लिटरवर मिळतं, गाडीचा हिशेब मैल प्रति गॅलनवर होतो. म्हणजे भरताना मेट्रिक, जाळताना इंपीरियल. त्यातही इथला गॅलन साडेचार लिटरचा आणि अमेरिकेचा पावणेचारचा, म्हणून एकाच गाडीचा आकडा दोन देशांत वेगळा दिसतो. यूट्यूबवर अमेरिकन माणसाचं ऐकून गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

रस्त्यावरच्या पाट्यांवर मैल अजून कायद्याने आहे. नव्याने आलेल्यांना चकवणारी गोष्ट अशी की पाटीवर आकड्यापुढे नुसतं छोटं 'एम' असतं आणि ते मीटरचं नाही, मैलाचं. अर्धा 'एम' वाचून भारतातून आलेला भाऊ म्हणाला, अर्ध्या मीटरवर वळण कसं असेल? कमी अंतर असेल तर यार्डात लिहितात.

आयर्लंडने २० जानेवारी २००५ ला वेगमर्यादेच्या सगळ्या पाट्या किलोमीटरमध्ये बदलल्या. त्यामुळे बेलफास्टहून डब्लिनला जाताना सीमा कुठे ओलांडली ते कळायचं साधन म्हणजे पाटी. तपासनाका नाही, फाटक नाही, अचानक ६० च्या जागी १०० दिसायला लागतं. नवऱ्याने पहिल्यांदा तिथे गाडी घातली तेव्हा मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, कारण हा बापुडा १०० ची पाटी असताना काट्यावर ६० मैल बघून 'मी हळू जातोय का?' असं मलाच विचारत होता. हळू नव्हता, ते हॉर्न दुसऱ्याच कारणाने होते, पण ते इथे नको.

---

आगाऊ_पाहुणा

मंजूताई, दुसरं कारण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. :)

---

साखळीवाला

मी भूमी अभिलेखमधून निवृत्त भूकरमापक. मुद्रितवाला यांच्या 'जमीन बांधलेली आहे' या वाक्याला माझा दुजोरा, आणि जरा विस्ताराने लिहितो कारण हे फारसं कुणी सांगत नाही.

मैल ५२८० फुटांचाच का? रोमन मैल ५००० फुटांचा, सुटसुटीत. इंग्लंडात मात्र शेताची मापं फर्लांगात होती. फर्लांग म्हणजे नांगराचं एक तास (सरी), ६६० फूट. एकर म्हणजे एक फर्लांग लांब आणि ६६ फूट रुंद पट्टा. सगळे खरेदीखत, सगळा शेतसारा या मापावर. आता मैल आणि फर्लांग यांचा मेळ घालायचा तर दोघांपैकी एकाला बदलायला हवं. फर्लांग बदलला की प्रत्येक शेतकऱ्याचा एकर बदलणार, कोर्टकज्जे उभे राहणार. म्हणून मैलालाच ताणून आठ फर्लांगांचा केला. ८ गुणिले ६६० बरोबर ५२८०. हे १५९३ साली एलिझाबेथ राणीच्या काळी कायद्यात आलं, आणि कायदा कसला होता, तर लंडनच्या वेशीपासून तीन मैलांत नवी घरं बांधू नयेत असा. तीन मैल म्हणजे किती ते सांगणं भाग पडलं म्हणून व्याख्या आली.

पुढे १६२० च्या सुमारास एडमंड गंटर नावाच्या पाद्री-गणितीने ६६ फुटांची साखळी काढली. १०० कड्या, १० चौरस साखळ्या म्हणजे एकर, ८० साखळ्या म्हणजे मैल. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड का, याचं उत्तरही तेच. ती एक साखळी आहे.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात गुंठा किती? ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ३३ म्हणजे गंटरच्या साखळीचा निम्मा. आमच्या जुन्या मोजणीत ३३ फुटांचीच साखळी असायची, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे आपला गुंठा इंग्रजी मैलाच्याच घरातला आहे : अशा ३३ फुटी १६० साखळ्या लांब म्हणजे एक मैल, आणि चौरस मैलात १६० गुणिले १६०, म्हणजे २५,६०० गुंठे.

मेट्रिक आल्यावर सातबारा हेक्टर-आर मध्ये गेला. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६ चौरस फुटांच्या जवळ. गुंठ्यापेक्षा तेरा-एक फुटांनी कमी. गावात लोक आर आणि गुंठा एकच धरतात आणि बहुतेक वेळा चालूनही जातं. पण हायवेत जमीन गेली, मोबदला चौरस मीटरवर आला, की एकरामागे निम्म्या गुंठ्याचा फरक अंगावर येतो. मग आमच्याकडे 'साहेब, मोजणी चुकली' म्हणून अर्ज. मोजणी चुकलेली नसते, माप बदललेलं असतं. आता रोव्हरने (उपग्रहावर चालणाऱ्या यंत्राने) मोजतात, सेंटिमीटरपर्यंत बरोबर. तरी बांधावर उभा असलेला माणूस विचारतो ते 'किती गुंठे भरलं?' असंच.

---

बांद्याचा_बाबू

साखळीवाले काकांनी लिहिलां ता एकदम खरां. आमच्या बांद्यात जमीन गुंठ्यावर. पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात गेलास की तोच जांभा, तीच काजूची झाडां, पण भाव चौरस मीटरवर. पोर्तुगीज मेट्रिकवाले. दलाल आमच्या बाजूक येऊन मीटरचो भाव सांगतत आणि आमचो माणूस मनातल्या मनात शंभराने गुणून खूश होता.

---

संत्रानगरीकर

मैलावर धागा आणि नागपूर अजून आलं नाही? झिरो माईल! सगळ्या देशाची अंतरं इंग्रजांनी इथून मोजली. भारताचा मध्यबिंदू आहे हा. आता मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं.

---

नकाशेबाज

@संत्रानगरीकर, भाऊ, नागपूरचा मान राखून थोडा विरोध करतो.

विधानभवनाजवळचा तो खांब १९०७ सालचा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या, म्हणजे त्रिकोण जोडत देश मोजण्याच्या कामाचा. त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत उंची देणारा दगड हा उंची मोजण्यासाठीचा खुणेचा दगड असतो. 'सगळ्या देशाची अंतरं इथून' याला आधार काय? मुंबईचे जुने मैलाचे दगड तर फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले आहेत. काळ्या बेसाल्टचे, रोमन आकड्यांचे. त्यातले कित्येक फुटपाथच्या थरांखाली गेले होते, अलीकडे काही वर काढले. पुण्यात जीपीओबाहेर आणखी एक शून्याचा दगड आहे. प्रत्येक शहराचं आपलं शून्य होतं.

---

संत्रानगरीकर

अहो, त्याच्यावर गावांची अंतरं मैलात कोरली आहेत ना! हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, शिवनी ७९. मग?

---

नकाशेबाज

ती अंतरं नागपूरहून त्या गावांची आहेत, हे मान्यच. प्रत्येक मोठ्या नाक्यावर तशी असतात. त्यावरून मुंबई-दिल्लीचं अंतर नागपुरातून मोजलं असं निघत नाही. आणि मध्यबिंदूचं म्हणाल तर फाळणीनंतरच्या भारताचा मध्य कटनी जिल्ह्यात करौंदीला सांगतात.

पण विदर्भाला जे खरं श्रेय आहे ते कुणी सांगतच नाही. या सगळ्या सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या मैदानावर त्याने साडेसात मैलांची पायारेषा पोलादी साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोण जोडत दक्षिणेतून वर आला. वीस वर्षं हेच काम. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. कबरही तिथेच आहे. पुढचं काम ज्याने नेलं त्या एव्हरेस्टच्या नावाने शिखर आहे, आणि ज्याने सुरुवात केली तो हिंगणघाटात कुणाला माहीत नाही. झिरो माईलपाशी सेल्फी काढता तसं एकदा वर्धा जिल्ह्यात जाऊन या.

---

संत्रानगरीकर

हिंगणघाट माझं आजोळ. हे खरंच माहीत नव्हतं. या रविवारी जातो, फोटो टाकतो. झिरो माईलवरचा दावा मात्र सोडत नाही.

---

पहाटेचा_पळपुट्या

धावण्यातला मैल राहिला. ट्रॅकवरच्या बाकी सगळ्या इंग्रजी शर्यती गेल्या, पण जागतिक विक्रमांच्या यादीत एक मैल अजून आहे. कारण रॉजर बॅनिस्टर, चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस. ६ मे १९५४, ऑक्सफर्ड, इफ्ली रोड. वैद्यकीचा विद्यार्थी, सकाळी हॉस्पिटलात काम करून आलेला. ब्रॅशर आणि चॅटअवे या दोघांनी आलटून पालटून पुढे राहून वेग दिला. ३ मिनिटं ५९.४ सेकंद. निवेदकाने 'तीन...' एवढं उच्चारलं आणि पुढचं गर्दीच्या आरड्याओरड्यात कुणाला ऐकूच आलं नाही. ४६ दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने तो विक्रम मोडला, तरी नाव बॅनिस्टरचंच राहिलं. सध्याचा पुरुषांचा विक्रम मोरोक्कोच्या एल गेरूजचा, रोम, १९९९, ३:४३.१३. पंचवीस वर्षं उलटली, कुणी हात लावला नाही.

तेव्हाचा ट्रॅक ४४० यार्डांचा होता, चार फेऱ्या म्हणजे मैल. म्हणूनच 'चार फेऱ्या, चार मिनिटं' याला चव होती, फेरीला एक मिनिट. आजच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या करून ९ मीटर ३४ सेंटिमीटर उरतात, म्हणून मैलाची सुरुवात शेवटच्या रेषेच्या तेवढी मागून होते. ती रेषा वेगळी आखावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर ती मी पाहिलेली नाही.

---

गोठेनबर्गी

स्वीडनमधून छोटीशी भर. इथे 'मिल' म्हणजे सरळ १० किलोमीटर. जुना स्वीडिश मैल १० किलोमीटरहून थोडा मोठाच होता, मेट्रिक आल्यावर त्यालाच गोल केला. रोजच्या बोलण्यात हाच चालतो. जुन्या गाडीच्या जाहिरातीत '१५,००० मिल' असतं, आणि नवा आलेला देशी माणूस हुरळतो, अरे व्वा, २४ हजार किलोमीटरच चालली आहे! चाललेली असते दीड लाख. 'दोन मिलवर तळं आहे, सायकलने जाऊ' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हो म्हणू नका.

---

पाषाणकर

गोठेनबर्गी, हा हा! आपल्याकडे मायलेज तेवढं उलट्या वाटेने आलं. शब्दात मैल, हिशेब किलोमीटर प्रति लिटर. कंपनीच्या कागदावर एआरएआयचं (गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं) मायलेज, आणि गॅरेजवाला विचारतो 'ॲव्हरेज काय देते?' दोन्ही शब्द इंग्रजी, दोन्हींचा अर्थ इंग्रजाला कळणार नाही.

---

लोको_लॉबी

आमच्या रेल्वेतही. रनिंग स्टाफला (गाडीबरोबर जाणाऱ्यांना) जो भत्ता मिळतो तो किलोमीटरवर मिळतो, नावही कागदावर किलोमीटरेज. लॉबीत मात्र 'या महिन्यात मायलेज कमी पडलं' असंच म्हणतात. कमी का पडलं, तर मालगाडी सहा तास लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) उभी. गाडी उभी तर मैल नाही.

---

कॉर्पोरेट_वारकरी

आमच्या अप्रेझलमध्ये दर वर्षी एक ओळ असते, 'गोइंग द एक्स्ट्रा माईल', म्हणजे सांगितल्यापेक्षा जास्त काम. हा मैल कुठला, कुणी सांगेल का? किती मीटर चाललो तर इन्क्रिमेंट?

---

बोटीवरचा_बाबा

@कॉर्पोरेट_वारकरी, तो रोमन. बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, कुणी तुला एक मैल चालायला भाग पाडलं तर तू त्याच्याबरोबर दोन मैल जा. पार्श्वभूमी अशी की रोमन शिपाई वाटेत दिसेल त्याला वेठीला धरून सामान वाहायला लावत. म्हणजे पहिला मैल वेठबिगारीचा, दुसरा तुमच्या खुशीचा. एचआरला एवढंच विचारा, पहिला मैल कसला समजता?

---

कॉर्पोरेट_वारकरी

हे पुढच्या अप्रेझलला विचारणार. नंतर नोकरीच्या धाग्यावर भेटू.

---

डेन्व्हरची_माई

अमेरिकेचं मी लिहिते, थोडक्यात. डेन्व्हर म्हणजे 'माईल हाय' शहर, समुद्रसपाटीपासून ५२८० फूट. बेसबॉलच्या मैदानात वरच्या मजल्यावर एक पूर्ण रांग जांभळ्या खुर्च्यांची आहे, बाकी सगळ्या हिरव्या. ती रांग बरोबर मैलाच्या उंचीवर. पाहुणे आले की आधी तिथे फोटो.

मध्यपश्चिमेत विमानातून खाली बघितलं तर शेतं चौकोनी दिसतात, ते चौकोन मैल बाय मैलचे. १७८५ च्या कायद्याने सरकारी जमीन तशीच आखून विकली. चौकोनाला ६४० एकर. वर साखळीवाले काकांनी एकराचं सांगितलं ते वाचून हे एकदम जुळलं. रस्तेही त्याच चौकोनांच्या कडांवरून गेलेत. आता ही सगळी आखणी किलोमीटरमध्ये कशी करणार? तेव्हा १९७५ साली मेट्रिकचा कायदा करूनही गाडं पुढे गेलं नाही. ॲरिझोनात टूसॉनहून मेक्सिकोच्या सीमेवर जाणारा एक महामार्ग तेवढा किलोमीटरच्या पाट्यांचा राहिलाय.

आणि विमान कंपन्यांचे 'माईल्स' हा तर आता शुद्ध पैसा. आधी उडालेल्या अंतरावर मिळायचे, गेल्या दहा वर्षांत बहुतेकांनी ते तिकिटाच्या किमतीवर केले. मुंबईला स्वस्तात जाणाऱ्याला अर्धी पृथ्वी ओलांडून चिमूटभर माईल्स.

---

मुद्रितवाला

माई, हा चौथा-पाचवा मैल माझ्या यादीत नव्हता, ज्याला लांबीच नाही! अनुवादात याला 'मैल' लिहायचंच नाही, 'माईल्स'च ठेवायचं, हे ठरलं.

---

गणित_मास्तर

मनातल्या मनात मैलाचे किलोमीटर करायची युक्ती द्यावी म्हणतो. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ ही मालिका लिहा, प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज. जगात फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते, पण छंदशास्त्रात मात्रा मोजताना आपल्या हेमचंद्राने ती त्याच्याही आधी सांगितली आहे. मैल यातला कुठलाही आकडा असेल तर किलोमीटर म्हणजे पुढचा आकडा. ५ मैल ८ किमी, ८ मैल १३ किमी. लागोपाठच्या संख्यांचं गुणोत्तर १.६१८ कडे जातं आणि मैल १.६०९, एवढाच योगायोग.

उदाहरण घरचंच. १६ एप्रिल १८५३ ची पहिली आगगाडी, बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल. पुढचा आकडा ३४. बरोबर तेवढेच किलोमीटर.

---

ठाणेकर_काकू

मास्तर, शाळेत हे सांगितलं असतंत तर गणिताशी वाकडं आलं नसतं. वाचनखूण साठवली.

---

मुद्रितवाला

मास्तर, पण सागरी मैलाला ही मालिका लावू नका, नाहीतर माझा अनुवादक परत तिथेच. सागरीसाठी काही युक्ती?

---

गणित_मास्तर

दुप्पट करा आणि साडेसात टक्के वजा करा. १२ चे २४, त्यातून १.८ गेले, २२.२ किलोमीटर. तांडेल, तुम्ही बोटीवर कसं करता?

---

मिरकरवाड्याचा_तांडेल

मास्तर, आम्ही किलोमीटर करतच नाही. आठ नॉटने बारा मैल म्हणजे दीड तास, आणि इंजिन तासाला किती डिझेल खातं ते माहीत असतं. बर्फ विरघळायच्या आत परत यायचं, एवढाच हिशेब.